फोटोत मी बरी दिसते

३ फेब्रुवारी, सोमवार

फोटो नापास!

लेकीने बघितला आणि फोनवर हसतच सुटली. "आई, हा बघून कोणी नोकरी नाही देणार. पोलिसात देतील." कारखान्याच्या ओळखपत्रावरचा होता. त्यात एवढं काय वाईट आहे? नाक, डोळे, कान सगळं जागच्या जागी आहे. इतकी वर्षं गेटवर तोच दाखवून आत गेले, कोणी अडवलं नाही.

पण आता गेटच उरलं नाही. काचेच्या बाटल्यांचा कारखाना बंद झाला, माल पाठवायचं डिस्पॅच खातं बंद झालं आणि डिस्पॅचच्या मॅडम पन्नाशी उलटल्यावर घरी बसल्या. लेक म्हणते, अर्ज घेऊन दारोदार फिरायचे दिवस गेले. आता कामधंद्यावाल्यांची ती साइट असते. तिथे खातं उघडायचं, आजवर काय काय केलं ते लिहायचं आणि वर आपला फोटो लावायचा. लोक म्हणे आधी फोटोच बघतात. बरा वाटला तर खालचं वाचतात. म्हणजे जन्मभर ट्रक हलवले ते खाली, आणि तोंड वर!

नियमही सांगितले तिने. मागे साधी भिंत. उजेड समोरून. चौकटीत चेहरा भरलेला हवा – खांद्याखालचं सगळं कापून टाकायचं. कपडे कामावर घालतो तसे. गॉगल नको. चारचौघांतून कापून काढलेला तर मुळीच नको – "शेजारच्याचा अर्धा खांदा दिसतो गं, केविलवाणं वाटतं." आणि कॅमेऱ्यात बघून हलकं हसायचं.

हलकं म्हणजे किती, ते काही सांगितलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

नवऱ्याला कामाला लावलं. खिडकीपाशी उभी राहिले. पहिल्या फोटोत त्याचं बोट. दुसऱ्यात मी आणि मागे दोरीवरचा टॉवेल – टॉवेल जास्त छान आलाय. तिसऱ्यात डोळे मिटलेले. "हस ना जरा." "कशाला?" "तुझ्या लेकीने सांगितलंय म्हणून." हसले. त्याने फोटो बघितला आणि म्हणाला, "ट्रकवाल्याला गेटवरून परत पाठवताना तू अशीच दिसत असशील."

जेवायला उशिरा वाढलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

स्टुडिओत जाऊन आले. फोटोग्राफर म्हणजे नुसती पिरपिर. "मॅडम, हनुवटी खाली. मॅडम, खांदे सैल. मॅडम, आता गोड!" गोड! मी काय बारशाला आलेय?

संध्याकाळी फोटो पाठवला त्याने. सुरकुत्या गेल्या, डोळ्यांखालचं काळं गेलं आणि त्यांच्याबरोबर मीही गेले. उकडलेल्या अंड्याला केस लावावेत तशी दिसतेय. लेकीला पाठवला. दोनच शब्दांत उत्तर आलं. "ही कोण?"

हात टेकले मी.

८ फेब्रुवारी, शनिवार

सापडला!

मामेबहिणीने घरच्या सगळ्या समारंभांचे फोटो एका ठिकाणी चढवून ठेवलेत. सकाळपासून ते उपसत बसले होते. बहुतेकांत मी कोणाच्या तरी मागे, हातात ताटं, नाहीतर अर्धी दाराआड. आणि मग आईच्या पंचाहत्तरीचे फोटो आले. त्यात एक – एकटीचा! मागे फिकी भिंत, समोरून उजेड, अंगात तो राखाडी कोट, एक हात कॉलरशी. थेट समोर बघतेय आणि हसतेय. हलकं नव्हे अगदी, पण छान. आतून आलेलं. मी बघतच राहिले. आपण अशाही दिसत होतो!

लेकीच्या नियमाप्रमाणे खांद्याखालचं कापलं. कोट गेला, हात गेला, चेहरा राहिला. तिला पाठवला. "आई!! मस्त! जरा जुना आहे, पण चालेल. तू तीच तर आहेस." नवऱ्याला दाखवला. "छान. अशी कधी हसायचीस तू?" म्हटलं, लग्नाआधी.

तो कोट मात्र डोक्यातून जाईना. आईने एकाच कापडातून दोन शिवून घेतले होते. एक माझा, एक थोरलीचा. आम्ही जुळ्या. ती पाव तास आधी आली म्हणून जन्मभर थोरली, आणि मी धाकटी. आम्ही पन्नाशीकडे झुकलो तरी आई दोघींना सारखंच घेत होती. एकीला निळं आणि एकीला हिरवं घेतलं तर भांडतील म्हणायची!

भांडलोच शेवटी. कपड्यावरून नाही. आई माझ्याकडेच होती. ती गेल्यावर आम्ही दोघी तिची खोली आवरत होतो. चादरीची घडी घालता घालता थोरली म्हणाली, "मी जवळ असते तर आईला इतक्या लवकर जाऊ दिलं नसतं." मी घडी तिथेच टाकली आणि खोलीबाहेर पडले. मग तिचे फोन आले. मी उचलले नाहीत. मग यायचे थांबले, आणि का थांबले म्हणून मला आणखी राग आला. एकाच शहरात राहतो, बसने तासाभराचं अंतर. तिकडच्या बसमध्ये मी चढत नाही.

फोटोच्या नादात हे कुठून निघालं! पुरे.

९ फेब्रुवारी, रविवार

लागला फोटो! जुन्या मॅनेजरने लगेच लिहिलं, "मॅडम, तुम्ही हसता??" ट्रान्सपोर्टवाल्यांनी अंगठे दाखवलेत. एक ड्रायव्हर लिहितो, "आमच्याकडे बघून नाही हसलात कधी." खरं आहे बाबा. तुझं मालाचं चलान कधी बरोबर होतं?

१२ फेब्रुवारी, बुधवार

कोल्ड स्टोरेजवाल्यांचा फोन! माल पाठवायच्या खात्याला प्रमुख हवाय. सोमवारी मुलाखत, कॅमेऱ्यासमोर, घरबसल्या. फोटोने काम केलं म्हणायचं.

पण आता त्या बाईसारखं दिसायला नको का? आरशासमोर उभी राहून तसं हसून बघितलं. जमेना. ओठ जातात तिकडे, डोळे जात नाहीत. नवरा दारातून म्हणाला, "दाढ दुखतेय का?"

१५ फेब्रुवारी, शनिवार

 

दुपारी साइटवर एका इंजिनीअरचा निरोप आला. कोण कुठला, माहीत नाही. जसा आठवतो तसा लिहिते. "मॅडम, नवीन खातं उघडलंत? नाव दुसरं घातलंत, का ते विचारत नाही. पण फोटो बघून जिवात जीव आला. उपचार संपले ना? डॉक्टरांनी आशा सोडली असं ऑफिसात कळलं तेव्हा कोणाचं कामात लक्ष लागेना. आता लवकर या, शाळेच्या इमारतीचे नकाशे तुमच्यावाचून अडलेत."

आधी हसले. गडी चुकला म्हटलं. कुठल्या डॉक्टरांनी आशा सोडली माझी? मला फक्त नोकरी नाही! मग पुन्हा वाचलं. शाळेची इमारत. नकाशे.

थोरली आर्किटेक्ट आहे.

साइटवर तिचं नाव शोधलं. तिचं खातं निघालं. आणि फोटो – हाच. अगदी हाच! तोच उजेड, तेच हसू. मला वाटलं, हिने माझा फोटो का लावला? मग मामेबहिणीकडचा मूळ फोटो उघडला, न कापलेला. कॉलरशी तो हात. उजवा हात, आणि मनगटावर घड्याळ. मी घड्याळ डाव्या हातात घालते. थोरली डावखुरी, ती उजव्यात घालते. शाळेतल्या बाई आम्हाला त्यावरूनच ओळखायच्या.

मी बहिणीचा फोटो लावून बसलेय. स्वतःचा समजून. आणि बहीण आजारी आहे, इतकी, की आशा सोडलीय. हे मला एक परका माणूस सांगतो, तेसुद्धा मी ती आहे असं समजून.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "लाव फोन." मी म्हटलं, नंबर तोच असेल कशावरून.  त्यालाही माहीत आहे की नंबर तोच असणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

फोन नाही लावला. इंजिनीअरला लिहिलं. मी त्या नाही, त्यांची जुळी बहीण, चुकून त्यांचा फोटो लागला. आता कशा आहेत त्या?

उत्तर आलं. "माफ करा. मॅडमना बहीण आहे हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं एकत्र काम केलं, कधी बोलल्या नाहीत. हॉस्पिटलातून घरी आणलंय एवढंच कळलं."

कधी बोलल्या नाहीत. बरोबरच आहे. मी तरी कुठे बोलत होते? कारखान्यात कोणी विचारलं की सांगायचे, एकटीच मी. म्हणताना काही वाटायचं नाही. आज तेच दुसऱ्याकडून ऐकलं आणि कोणी तोंडात मारल्यासारखं झालं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मुलाखत झाली. कोल्ड स्टोरेजचे मालक वयस्क आहेत, बोलायला मोकळे. ट्रक उशिरा आला तर काय कराल, माल खराब झाला तर कोणाला धराल, सगळं विचारलं. पाठ होतं मला. शेवटी म्हणाले, "खरं सांगू का मॅडम, तुमचा फोटो बघूनच मी म्हटलं, ही बाई भांडणं मिटवणारी दिसते. आमच्याकडे ड्रायव्हर आणि गोदामवाले रोज एकमेकांच्या उरावर बसतात. असा समजूतदार चेहरा हवाच होता."

मी म्हटलं, "तो फोटो माझ्या बहिणीचा आहे."

त्यांना वाटलं थट्टा करतेय. खूप हसले. "विनोदबुद्धीही आहे!" म्हणाले. नोकरी बहुतेक मिळाली.

कॅमेरा बंद केला आणि रडले. समजूतदार चेहरा! इतकी वर्षं एका वाक्यावर काढली मी. वाक्य तरी केवढं? आज मोठ्याने म्हणून बघितलं. एका श्वासात संपतं. आई नुकतीच गेली होती, तिच्याही तोंडाला काय येत होतं ते तिला कळत नसणार. मला हे तेव्हाही कळत होतं. कळत असून मी धरून ठेवलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लावला फोन. तिचाच नंबर, पण भाऊजींनी उचलला. मी नुसतं "हॅलो" म्हटलं.  पलीकडून घाबरलेला आवाज – "अगं, तू आत झोपलीयस ना?" आवाजसुद्धा एकच आहे आमचा. मी म्हटलं, "भाऊजी, मी धाकटी."

 म्हणाले, "ती मला कळवू देत नव्हती. म्हणायची, यायचं तर तिने आपणहून यावं, आजारी आहे म्हणून नको." मी म्हटलं, आता कळलंय, त्याला काय करू? "ये," म्हणाले. "उशीर झालाय, पण ये."

२० फेब्रुवारी, गुरुवार

गेले.

बसमध्ये सगळं ठरवलं होतं, आधी काय बोलायचं, मग काय. खोलीत पाऊल टाकलं आणि एक शब्द आठवेना. खिडकीशी पलंग. डोक्याला रुमाल बांधलेला. पांघरुणाखाली माणूस आहे की नाही असं वाटावं इतकी वाळलीय. आम्हाला आता कोणी जुळ्या म्हणणार नाही. मी धडधाकट उभी होते समोर, माझंच मला लाजिरवाणं वाटलं.

तिने डोळे उघडले. "आली फोटोचोर," म्हणाली.

"मला माहीत नव्हतं गं तुझा आहे."

"स्वतःचं तोंड ओळखता येत नाही, नोकरी कसली करणार?"

तिने पहिल्याच दिवशी बघितला होता म्हणे! साइटनेच दाखवला तिला – यांना तुम्ही ओळखत असाल. "म्हटलं, चांगलीच ओळखते. नंबर एकची हट्टी." ऑफिसातल्या दोघांनी तिलाही विचारलं होतं, बऱ्या झालात का. तिने उत्तर दिलं, फोटोत तरी.

मी म्हटलं, आजच काढून टाकते. तर चिडली! "राहू दे. कुठेतरी मी बरी दिसतेय, ते बघवत नाही होय तुला?"

 मीच म्हटलं, "फोन उचलायला हवे होते मी." ती म्हणाली, "तसं बोलायला नको होतं मी." एवढंच. ह्या दोन वाक्यांसाठी इतकी वर्षं! मला वाटलं होतं काहीतरी मोठं व्हावं लागेल, रडारड, माफी, भाऊजी मध्ये पडतील. काही नाही. तिने पाणी मागितलं, मी दिलं.

परत येताना बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसले. रस्ता किती सोपा आहे. एकदाही बस बदलावी लागत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

थोरलीने विचारलं, "तो फोटो कोणी काढला, आठवतं?"

मी म्हटलं, मामेबहिणीने.

"छट्! तिच्या फोटोत सगळ्यांची डोकी कापलेली असतात. तू काढलास. तिचा फोन तुझ्या हातात होता. मी नको नको म्हणत होते, मला फोटो कुठे आवडतात? तू काहीतरी बोललीस आणि मला हसू फुटलं."

"मी काय बोलले?"

"आठवत नाही तुला?"

"नाही गं."

"मला आठवतं." आणि डोळे मिटून घेतले. "आज दमले. उद्या ये, मग सांगते."

म्हणजे ते हसू माझ्याकडे बघून होतं. मी समोर उभी होते, मीच हसवलं होतं तिला, आणि मला त्यातलं काही आठवत नाही! एकेका ट्रकचा नंबर अजून पाठ आहे, कोणत्या गाडीत किती बाटल्या फुटल्या ते आठवतं, आणि बहिणीला हसवलेलं विसरले. मग लक्षात ठेवलं काय मी? ते एक वाक्य.

२३ फेब्रुवारी, रविवार

नाही सांगितलं. उद्या म्हणते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा उद्या! लहानपणीही अशीच करायची, माझं खोडरबर लपवून. मी चिडले. ती खूश.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कोल्ड स्टोरेजचा फोन. नोकरी तुमची, परवापासून या. महिनाभर थांबाल का म्हणून विचारलं. थांबता येणार नाही म्हणाले, हंगाम तोंडावर आलाय. मग दुसऱ्या कोणाला तरी घ्या म्हटलं. लेक फोनवर ओरडली, "आई, असं कोणी करतं का?" नवऱ्याने माझ्या हातून फोन घेऊन बंद केला. दुपारी मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला. तसा तो कधी येत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आता मी अंदाज सांगते आणि ती मान हलवते. मामीच्या दातांबद्दल बोलले होते का? नाही. भाऊजींच्या टकलाबद्दल? "ते तर रोजच बोलायचीस." आईने एका दमात मेणबत्त्या विझवल्या त्यावर?  "जवळ आलीस," म्हणाली. "उद्या ये."

आज रस्ताभर मेणबत्त्यांवरून काय बोलले असेन तेच आठवत होते. बसमध्ये एकटीच हसले. शेजारची बाई सरकून बसली.

२ मार्च, रविवार

आज बोलली नाही. हात हातात घेऊन बसले. तिचं घड्याळ आता भाऊजींच्या खिशात असतं, मनगटावर राहत नाही. निघताना ओठ हलले. उद्या म्हणाली असेल.

४ मार्च, मंगळवार

थोरली गेली. सकाळी. मी बसमध्ये होते.

९ मार्च, रविवार

भाऊजींकडे गेले होते. दोघं नुसते बसलो. न राहवून विचारलं, तुम्हाला तरी सांगितलं असेल तिने. फोटोच्या वेळी मी काय बोलले होते?

भाऊजी म्हणाले, "अगं, तिला तरी कुठे आठवत होतं! तू गेलीस की रोज मलाच विचारायची, काय म्हणाली असेल हो ही तेव्हा? आणि वर बजावायची, तिला सांगू नका हं. कळलं तर उद्या यायची नाही."

आले असते गं.